घरातलं म्हातारं माणूस ॲडमिट होतं तेव्हा: सोबत राहणाऱ्यांनी काय, कधी आणि कोणत्या क्रमाने करावं

नाशिकच्या कुठल्याही वॉर्डात सकाळच्या राउंडला हे दिसतं. डॉक्टर विचारतात, "काय म्हणताय बाबा, झोप लागली का?" बाबा घसा खाकरेपर्यंत पायथ्याशी उभा असलेला मुलगा सांगून मोकळा होतो, "लागली, पण दोनदा उठले." पुढचे प्रश्न मग डॉक्टरही मुलालाच विचारतात आणि बाबा आळीपाळीने दोघांच्या तोंडाकडे बघत राहतात. कुणाच्या मनात वाईट नसतं. पण दोन-तीन दिवसांत त्या माणसाच्या शरीराबद्दलचं सगळं दुसरेच ठरवू लागलेले असतात.

हा लेख सोबत राहणाऱ्या नातेवाइकांसाठी आहे. बहुतेक जण काळजी मनापासून घेतात, पण क्रम चुकतो. आधी अंगाला हात लागतो, मग काय करतोय ते सांगितलं जातं, आणि विचारणं राहूनच जातं. आधी सांगायचं, मग विचारायचं, मग हात लावायचा. खालच्या प्रत्येक टप्प्यात हाच क्रम धरलेला आहे.

१. घरून निघताना

एकदम बेशुद्ध पडलं, छातीत कळ आली, अर्धांगाचा झटका दिसतोय, तर यादी-बिदी काही नाही, १०८ ला फोन करा आणि निघा. सामान मागून येईल. ठरवून ॲडमिट व्हायचं असेल तेव्हा मात्र पिशवी भरण्यात अर्धा तास घालवा.

पिशवीत आधी तीन गोष्टी जातात: चष्मा, कवळी, कानाचं मशीन. "दवाखान्यात काय करायचाय चष्मा" म्हणून तो घरी ठेवला जातो, ही सर्रास होणारी चूक. नीट दिसत नाही, नीट ऐकू येत नाही, अशा माणसाला अनोळखी वॉर्डात रात्री भ्रम होण्याची शक्यता वाढते. कवळीसाठी झाकणाची डबी घ्या आणि डबीवर मार्करने नाव लिहा. कागदात गुंडाळून उशीजवळ ठेवलेली कवळी सकाळच्या झाडलोटीत कचऱ्यात जाते, हे वॉर्डातल्या कुठल्याही मावशी सांगतील. कानाच्या मशीनला जादा सेल घ्या.

मग कपडे. पुढून बटणं असलेला शर्ट किंवा गाऊन, म्हणजे सलाईन लावलेली असतानाही बदलता येतो. मागून पट्टा असलेली चप्पल. दोन जुन्या मऊ चादरी. बाबा टोपीशिवाय घराबाहेर पडत नसतील तर टोपी घ्याच. चार लोकांत बोडक्या डोक्याने बसणं त्यांना उघडं पडल्यासारखं वाटतं. चालू असलेली सगळी औषधं पाकिटांसकट घ्या, वैद्याचं चूर्ण आणि दुकानातून आणलेल्या गुडघेदुखीच्या गोळ्याही.

आता एक कागद. फुलस्केपच्या एका बाजूवर मावेल इतकंच लिहा आणि केस पेपरसोबत ठेवायला सिस्टरना द्या:

- त्यांना काय म्हणून हाक मारलेली आवडते
- घरात कोणती भाषा बोलतात
- कोणत्या कानाने बरं ऐकू येतं
- घरी संडासला कसे बसतात, रात्री किती वेळा उठतात
- काय खातात, काय वर्ज्य आहे, कोणते उपास
- तंबाखू, मिश्री, विडी, दारू: काय आणि किती

शेवटची ओळ घरचे लाजेने गाळतात. ती गाळू नका. रोजची दारू किंवा तंबाखू एकदम बंद झाली की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हात थरथरणं, घाम, बेचैनी, बडबड सुरू होऊ शकते, आणि डॉक्टरांना माहीत नसेल तर ते भलतीच कारणं शोधत बसतात. आजींची मिश्रीही त्यात आली. हे सांगण्यापूर्वी त्यांना विचारा, "डॉक्टरांना मी सांगू, का तुम्ही सांगताय?" बहुतेक वेळा त्या स्वतःच सांगतात.

भाषेची ओळही महत्त्वाची. जिल्हा रुग्णालयात काय किंवा शालिमारच्या संदर्भ सेवा रुग्णालयात काय, सुरगाणा, पेठ, कळवण, बागलाणहून माणसं येतात. बागलाणातल्या आजी पुस्तकी मराठीत विचारलेल्या प्रश्नाला नुसतं "हां" म्हणतात, आणि त्यांच्याशी अहिराणीत बोललं की दुखणं नेमकं कुठे आणि कधीपासून ते सांगतात.

तपासा: आधार कार्ड, रेशन कार्ड, जुने रिपोर्ट. वय ७० किंवा त्यापुढे असेल तर आयुष्मान वय वंदना कार्ड काढलंय का? त्याला उत्पन्नाची अट नाही आणि वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांचं संरक्षण आहे. ते रुग्णालय योजनेत आहे का, हे दाखल होतानाच काउंटरवर विचारा.

२. दाखल होताना: पहिला तास

ओपीडीच्या रांगेत म्हाताऱ्या माणसाला उभं करू नका. पालक आणि ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या २००७ च्या कायद्यात, कलम २० मध्ये, सरकारी रुग्णालयांत ज्येष्ठांसाठी वेगळ्या रांगेची तरतूद आहे, आणि ज्येष्ठ म्हणजे ६० पूर्ण. वेगळी खिडकी कुठे आहे ते विचारा, दिसत नसेल तर आवाज न चढवता कायद्याची आठवण द्या.

वॉर्डात गेल्यावर क्रम असा ठेवा:

१. कॉटवर बसवल्यावर आधी त्यांना जागा दाखवा. संडास कुठे, बेल किंवा सिस्टरचं टेबल कुठे, पाण्याचा तांब्या कुठे.

२. सिस्टर आणि डॉक्टर आले की ओळख करून द्या. "हे आमचे वडील" इतकंच म्हणून थांबू नका, नाव सांगा, काय काम करायचे ते सांगा. तीस-पस्तीस वर्षं शाळेत शिकवलेल्या माणसाला "गुरुजी" म्हटलं की तो उशीला टेकून सरळ बसतो. "ए आजोबा, हात दे" असं कुणी म्हणालं तर तिथल्या तिथे शांतपणे म्हणा, "सिस्टर, त्यांना काका म्हणा, चालेल ना?" एकदा सांगितलं की पुढच्या पाळीपर्यंत निरोप जातो.

३. दागिने, माळ, बांगड्या. ऑपरेशन किंवा तपासणीसाठी काढायच्या असतील तर नेमकं काय काढणं गरजेचं आहे ते आधी विचारून घ्या. गळ्यातली तुळशीची माळ, मंगळसूत्र, हिरव्या बांगड्या दुसऱ्याने ओढून काढू नयेत. ज्याचं त्याला काढू द्या, वेळ लागू द्या. माळकरी माणसाला माळ उतरवण्याआधी हात जोडायचे असतात. त्याला दोन मिनिटं लागतात आणि तेवढ्याने ऑपरेशन थांबत नाही. काढलेली वस्तू कुणाकडे दिली ते त्यांना दाखवून द्या.

सावधान: कॉटवर पडलेल्या म्हाताऱ्या माणसाचा फोटो काढून घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका. नाकात नळी, तोंडात दात नाहीत, अर्धं अंग उघडं, असा फोटो तीस जणांकडे जातो आणि परत घेता येत नाही. तब्येत कळवायची तर शब्दांत कळवा.

३. राउंडच्या वेळी

उशाशी उभे राहा, पायथ्याशी नको. पायथ्याशी उभं राहिलं की डॉक्टरांची नजर आपोआप तुमच्याकडे वळते. प्रश्न आला की मनातल्या मनात दहापर्यंत मोजा. म्हातारपणी उत्तर सुचायला आणि ओठांवर यायला वेळ लागतो. त्यांचं बोलून झाल्यावर काही राहिलं असेल तर त्यांच्यादेखत भर घाला: "बाबा, रात्रीच्या खोकल्याचं सांगू का?"

ऐकू कमी येत असेल तर ओरडू नका. ओरडल्याने आवाज चिरका होतो आणि शब्द आणखी कळेनासे होतात. समोर या, तोंडावर उजेड पडू द्या, मास्क काढता येण्यासारखा असेल तर काढा, आणि खालच्या पट्टीत, सावकाश, एका वेळी एकच गोष्ट बोला.

डॉक्टर गेल्यावर "कळलं का?" असं विचारू नका. त्याचं उत्तर कायम "हो" येतं. "डॉक्टर काय म्हणाले ते जरा मला सांगा बरं" म्हणा. काय कळलं आणि काय नाही, ते लगेच समजतं.

४. आजार सांगायचा की नाही, आणि सही कुणाची

"त्यांना काही सांगू नका, खचून जातील." रिपोर्ट हातात आल्यावर व्हरांड्यात हे वाक्य हमखास ऐकू येतं. हेतू प्रेमाचा असतो. पण सलाईनच्या बाटल्या वाढतात, मुंबईहून मुलगी अचानक येते, सगळे दाराबाहेर कुजबुजतात, आणि आत पडलेल्या माणसाला सगळं कळतं. फक्त विचारायला कुणी उरत नाही, कारण सगळे हसून "काही नाही हो" म्हणत असतात. माझ्या मते आजारापेक्षा हे एकटेपण जास्त जाचतं.

सगळं एका दमात सांगून टाका, असंही नाही. क्रम असा:

१. रिपोर्ट येण्याआधीच डॉक्टरांच्या समोर त्यांना विचारा: "रिपोर्टमध्ये जे येईल ते तुम्हाला सांगू, का आमच्याशी बोललेलं चालेल?" काही जण खरोखरच म्हणतात, "पोराला सांगा, मला नको." तोही त्यांचाच निर्णय, तो पाळा.

२. ऐकायचं म्हणाले तर डॉक्टरांनीच सांगावं, त्यांच्या भाषेत, बसून. तुम्ही शेजारी असा.

३. सांगून झाल्यावर गप्प बसा. लगेच धीर द्यायला धावू नका. पहिला प्रश्न त्यांना विचारू द्या.

सहीचा मुद्दा यालाच जोडून. माणूस शुद्धीवर आहे आणि त्याला समजतंय, तर ऑपरेशनची संमती त्याचीच लागते. मुलाची सही त्या जागी चालत नाही, मग वय ८५ का असेना. सज्ञान आणि शुद्धीवर असलेल्या रुग्णाऐवजी नातेवाइकाची संमती चालत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानेही २००८ मधल्या निकालात स्पष्ट केलेलं आहे. अंगठा उठवणार असतील तर फॉर्म आधी पूर्ण वाचून दाखवायला लावा. हात धरून शाईत बुडवून कागदावर दाबणं, ही संमती नव्हे.

तपासा: काय करणार, का करणार, नाही केलं तर काय होईल, दुसरा मार्ग आहे का. या चारांची उत्तरं रुग्णाला स्वतःच्या शब्दांत सांगता येताहेत का?

५. लघवी-संडास

सगळ्यात जास्त अपमान इथे होतो, आणि सगळ्यात कमी बोललंही इथेच जातं. चालता येणाऱ्या माणसाला "उगीच पडायला नको" म्हणून पहिल्याच रात्री डायपर लावला जातो. बेल वाजवली की उत्तर येतं, "डायपर आहे ना, त्यातच करा." जन्मभर दार लावून बसलेल्या माणसाला ते जमत नाही. तो रोखून धरतो, पाणी कमी पितो, पोट साफ होत नाही, लघवी तुंबते, आणि त्यातून भ्रम आणि जंतुसंसर्ग दोन्ही मागे लागतात. वर पडून राहिल्याने पायांतली ताकदही जाते. चालत आत गेलेलं माणूस स्ट्रेचरवरून घरी येण्याचं हे एक मोठं कारण आहे.

म्हणून डायपर शेवटी. आधी हे करून बघा:

१. मागण्याची वाट न बघता दर दोन-तीन तासांनी, शिवाय सकाळच्या चहानंतर आणि झोपण्याआधी, हळूच विचारा: "जाऊन येऊ या का?"

२. उठवताना आधी कॉटच्या कडेला पाय खाली सोडून मिनिट-दोन मिनिटं बसवा. चक्कर नाही ना, ते विचारा. मगच उभं करा. झटकन उभं केल्याने रक्तदाब उतरतो आणि माणूस पडतो.

३. दारापर्यंत सोबत जा. आत बसवलं की पाठ करून किंवा दाराआड उभे राहा. कडी लावू नका, पण दार लोटून घ्या.

४. संडासपर्यंत जमत नसेल तर कॉटशेजारी कमोडची खुर्ची. तेही नाही तर पुरुषांना लघवीचं भांडं, बायकांना बेडपॅन. पडदा पूर्ण ओढा, पाहुण्यांना बाहेर पाठवा, अंगावर चादर राहू द्या आणि झालं की लगेच भांडं काढा. भांडं तसंच ठेवून चहाला जाऊ नका.

५. डायपर लावावाच लागला तर वेळ लिहून ठेवा आणि ओला झाला की बदला. "अजून थोडा भरू दे" हे कुणी मोठ्याने म्हणू नये, आणि तसं वागूही नये.

कॅथेटर, म्हणजे लघवीची नळी, असेल तर तिची पिशवी कमरेच्या खाली टांगलेली हवी, जमिनीला टेकलेली नको. वर एक फडकं टाका. व्हरांड्यात चालताना सगळ्यांना ती दिसू नये, एवढी त्यांची इच्छा असते. नळी काढता येईल का, हे रोज राउंडला विचारा. गरज संपल्यावरही राहिलेल्या नळीतून संसर्ग होतो.

आता कुणी करायचं? सासऱ्यांना सुनेने स्वच्छ करायचं, हे घरात न बोलता ठरून जातं. दोघंही संकोचाने मरतात. एकदा सासऱ्यांनाच विचारा, कुणी केलेलं चालेल. मुलगा, नातू, वॉर्डबॉय, पैसे देऊन ठेवलेला माणूस, यांतलं काहीतरी जमतं. आजींच्या बाबतीतही तेच. पुरुष डॉक्टर तपासत असतील तर एक बाई हजर असावी, हा रुग्ण हक्कांच्या सनदेतला मुद्दा आहे. महाराष्ट्रात २०२१ च्या सुधारित नियमांनुसार ही सनद खासगी रुग्णालयांनीही लावायची आहे.

६. अंग पुसणं आणि कूस बदलणं

डिसेंबर-जानेवारीत नाशिकची थंडी म्हाताऱ्या हाडांना सोसत नाही. पंखा बंद, खिडकी लोटलेली, पाणी कोमट, टॉवेल हाताशी. सगळं तयार झाल्यावरच पांघरूण काढा, आणि तेही पुसायच्या भागापुरतंच. हात पुसताना पाय झाकलेले असावेत. क्रम: तोंड, हात, छाती, पाठ, पाय, आणि पाणी बदलून शेवटी खासगी भाग, बायकांना नेहमी पुढून मागे. चेहरा आणि खासगी भाग त्यांना स्वतःला जमत असेल तर फडकं त्यांच्या हातात द्या आणि तोंड फिरवा.

स्वतः कूस वळता येत नसेल तर दर दोन तासांनी वळवा. सांगून वळवा: "आता खिडकीकडे वळू या, एक, दोन, तीन." ओढू नका, खालच्या चादरीसकट उचला, ओढल्याने पातळ झालेली कातडी सोलवटते. माकडहाड, टाचा, खुबे रोज बघा. लाल झालेला भाग बोटाने दाबून सोडल्यावर पांढरा पडत नसेल तर सिस्टरना लगेच दाखवा. सावळ्या कातडीवर लाली दिसत नाही, म्हणून तो भाग आजूबाजूपेक्षा गरम किंवा टणक लागतो का ते बघा.

सावधान: लाल जागेवर तेल किंवा पावडर लावून चोळू नका. आतली इजा वाढते.

तपासणीसाठी स्ट्रेचरवरून दुसऱ्या इमारतीत नेताना दवाखान्याचा गाऊन मागून उघडा असतो. सोबतची चादर आधी अंगाखालून घ्या, मग वरून गुंडाळा. व्हीलचेअरवर असतील तर मांडीवर टाकून दोन्ही बाजूंनी खोचा.

७. जेवण

पडल्या पडल्या भरवू नका. पाठ सरळ करून बसवा, कवळी घाला, हात धुऊन द्या. तुम्हीही बसा, उभं राहून वरून घास घालणं बरं दिसत नाही आणि मान वर झाल्याने ठसका लागतो. छोटा चमचा, एक घास गिळल्यावरच दुसरा. आवाज घोगरा, ओला झाला किंवा खोकला आला तर थांबा आणि सिस्टरना सांगा. गुंगीत असतील तर तोंडात काहीच घालू नका. जेवणानंतर अर्धा तास बसू द्या.

स्वतःच्या हाताने खाता येत असेल तर सांडलं तरी खाऊ द्या. पेठ-सुरगाण्याकडच्या माणसाला ब्रेड-बिस्किट घशाखाली उतरत नसेल तर नागलीची पेज चालेल का, ते आहारतज्ज्ञांना विचारा. एकादशी मोडायची की नाही हे त्यांना ठरवू द्या, फक्त मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर डॉक्टरांना आदल्या दिवशी सांगा.

८. भेटायला येणारे

गाव भेटायला येतो, आणि ते चांगलंच आहे. पण एका वेळी दोघंच आत पाठवा आणि आधी आत विचारून या. आजींना केस विंचरायचे असतात, पदर सारखा करायचा असतो.

उशाशी उभं राहून "किती खर्च झाला?", "जमिनीचं काही केलं का?", "अहो, आमच्या मामांनाही असंच झालं होतं, आठवड्यात गेले" हे बोलणाऱ्याला दंडाला धरून बाहेर न्या. डोळे मिटलेल्या, बेशुद्ध वाटणाऱ्या माणसालाही ऐकू येत असू शकतं. आयसीयूमध्येही त्यांच्याशी नाव घेऊन बोला, त्यांच्याबद्दल नको.

आणलेलं शहाळं लगेच फोडू नका. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर त्यातलं पोटॅशियम धोक्याचं ठरू शकतं. आधी सिस्टरना विचारा.

९. रात्री भ्रम झाला तर

दिवसा नीट बोलणारे बाबा रात्री अचानक "गाडी जुंपा, मार्केटला जायचंय" म्हणून उठू लागतात, सुई ओढतात, मुलाला ओळखत नाहीत. हे वेड नाही आणि नाटकही नाही. संसर्ग, तुंबलेली लघवी, साफ न झालेलं पोट, दुखणं, पाणी कमी पडणं, एखादं औषध, यांतलं काहीतरी मागे असतं, आणि कारण सापडलं की बहुतेकदा ते ओसरतं. काही जण उलट एकदम गप्प, सुस्त होतात. तोही भ्रमच असू शकतो, आणि "आज शांत आहेत" म्हणून सुटून जातो.

१. सिस्टरना सांगा: "हे कालपर्यंत असे नव्हते." कधीपासून बदल झाला ते सांगा.

२. मंद दिवा लावा, चष्मा आणि कानाचं मशीन लावा.

३. वाद घालू नका. "कसली गाडी, इथे कुठे मार्केट?" म्हणण्याने ते चिडतात. "मी आहे ना. आपण नाशिकला दवाखान्यात आहोत, रात्र झालीय, सकाळी बघू" एवढंच, पुन्हा पुन्हा, हात हातात घेऊन.

४. लघवी लागलीय का, कुठे दुखतंय का, ते विचारा.

५. स्वतःजवळची झोपेची गोळी देऊ नका. तिने भ्रम वाढू शकतो.

हात बांधायची वेळ आली असं कुणी म्हटलं तर विचारा: डॉक्टरांनी लिहून दिलंय का, किती वेळासाठी, कधी सोडून बघणार. त्याआधी सुईवर लांब बाही ओढून घेणं, पट्टीने झाकणं, हातात घडी घालायला टॉवेल देणं, हे करून बघा. बरेचदा तेवढ्याने भागतं. सकाळी शुद्धीवर आल्यावर "रात्री काय काय बोललात माहितीये का" म्हणून हसू नका. त्यातलं त्यांना थोडंफार आठवत असतं.

१०. तक्रार करायची झाली तर

आधी त्या पाळीच्या सिस्टर, मग इन्चार्ज सिस्टर, मग आरएमओ (निवासी वैद्यकीय अधिकारी) किंवा अधीक्षक. रात्रपाळीला एकट्या सिस्टरवर अख्खा वॉर्ड असतो, तिच्यावर ओरडून रुग्णाचाच तोटा होतो. काय झालं, किती वाजता, ते लिहून ठेवा. तिथे दाद लागली नाही तर ज्येष्ठांसाठीची १४५६७ ही हेल्पलाइन आहे. पण तक्रार करण्याआधी कॉटवरच्या माणसाला विचारा. रात्री तिथे त्यालाच राहायचं असतं.

११. डिस्चार्ज

गोळ्या समजावताना फाईल तुमच्या हातात असली तरी समजावणं त्यांना होऊ द्या. कोणती बंद झाली, कोणती नवी, कोणती जेवणाआधी. घरी संडास भारतीय पद्धतीचा असेल आणि गुडघ्याचं ऑपरेशन झालं असेल तर कमोडची खुर्ची आदल्या दिवशीच घरी पोहोचलेली हवी.

कपडे घरचे घाला, गाऊनमध्ये नेऊ नका. निघताना चष्मा, कवळी, मशीन, काठी, काढून ठेवलेली माळ, सगळं त्यांना दाखवून त्यांच्याकडे द्या. हातातली सलाईनची सुई काढली आहे का ते स्वतः बघा. पेठ-सुरगाण्यापर्यंत घाटाचा रस्ता आहे, तेव्हा गाडीत बसवण्याआधी एकदा लघवीला नेऊन आणा, आणि पुढे बसायचं का मागे, ते त्यांना विचारा.